टाकीवरची मितभाषी डबी

शपथेवर सांगते, ह्यातला शब्दन्‌शब्द खरा आहे. खोटं निघालं तर माझी कवळी पाण्यात पडो. (ती रोज रात्री पडतेच, ते वेगळं.)

विजेची बचत हा थोर गुण आहे आणि सगळ्यात जास्त बचत झोपेत होते. बदलापुरातल्या एका सोसायटीचे सेक्रेटरी चिंतामणीकाका अंबरनाथच्या कारखान्यातून ऑफिसर म्हणून रिटायर झालेले. त्यांना हे तत्त्व नोकरीतच पटलं होतं. म्हणून पुतण्या यज्ञेशने पाण्याच्या टाकीसाठी बिनतारी डब्यांची जोडी बनवली, तेव्हा काकांना तिच्यात आपलंच रक्त दिसलं.

एक डबी गच्चीवर टाकीत, दुसरी खाली पंपापाशी. वरची तासातून एकदा डोळा उघडते, पाणी कमी असेल तर एकच शब्द बोलते आणि झोपते. खालचीतली चिप आजूबाजूच्या गोंगाटातून तो शब्द वेचते, पंप लावते आणि तीही झोपते. एका सेलवर दहा वर्षं! आधी वॉचमन शंकर गच्चीवर जाऊन टाकीत डोकवायचा. त्या पद्धतीत अख्खा शंकर खर्च व्हायचा (वर चहा). आता पंपाच्या बटणाला हात लावायची त्याला मनाई झाली. नोटिशीवर काकांची सही.

मग काकांच्या नातीच्या बारशाची सकाळ उजाडली. वृंदाकाकू बाथरूममधून ओरडल्या, "अहो, नळाला थेंब नाही! पोरीला आंघोळ कशी घालू? अकराला माणसं येतायत!"

"शक्यच नाही. पाणी संपलं असतं तर डबी बोलली असती. डबी गप्प आहे, म्हणजे टाकी भरलेली आहे."

"नळपण गप्प आहे. तोही यज्ञेशकडूनच आणलात काय?"

काकांनी यज्ञेशला फोन लावला.

"काका, टेन्शन नका घेऊ. वरची बोलतेय. पण दोघींची घड्याळं सरकलीयत. ती बोलते तेव्हा खालची झोपलेली असते."

"मग उठव ना खालचीला!"

"उठवायला सिग्नल द्यावा लागतो."

"दे की!"

"पण तो ऐकायला ती जागी पाहिजे ना, काका."

काकांना हे इतकं पटलं की त्यांनी फोनवरच मान डोलावली. नात मात्र अजून बचतीला लागलेली नव्हती. तिने फुल्ल आवाजात भोकाड पसरलं. काकू गॅलरीत गेल्या. "शंकरऽऽ! बटण दाब रेऽऽ! नोटीस गेली खड्ड्यात!"

पहिल्याच हाकेला शंकर उठला, पंप लागला, पाणी चढलं. पोरीची आंघोळ झाली, पाहुण्यांच्या देखत 'राजसी' नाव ठेवलं.

त्याच आठवड्यात कमिटीने ठराव केला: "सौ. वृंदाबाई यांना पर्यायी बिनतारी यंत्रणा म्हणून मान्यता. पल्ला: तीन बिल्डिंगा. सेल: लागत नाही. दोष: स्लीप मोड नाही."

आता एक कबूल करते. 'पहिल्याच हाकेला' हे मी रचलं. शंकर कानात इअरफोन घालून बसला होता, सातव्या हाकेला हलला. पहिल्या हाकेला ओ देणारा माणूस हल्ली बनवतच नाहीत.

हसताय काय? मघापासून आतून तुम्हाला कुणीतरी हाका मारतंय. एकदा 'हंऽ' म्हणालात आणि परत ह्यात मान घातलीत.