भंतेजींच्या विटा

पत्रूभाऊ कोणाच्याही घरी गेले की आधी पायरीकडे पाहतात, मग माणसाकडे. पुतण्यासाठी मुलगी पाहायला ते वडसा रोडवरच्या एका गावी गेले, तेव्हा मी सोबत होतो. पोहे झाले, मुलगी येऊन गेली. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "कशी वाटली?"

"पोरगी सोन्यासारखी हाय," पत्रूभाऊ म्हणाले. "पन तुमच्या पायरीत दोन विटा आमच्या हायेत."

लग्न जमलं. विटा नवरीच्याच गाडीतून आल्या.

'आमच्या' म्हणजे डोंगराच्या. आमच्या गावामागच्या उतारावर जुन्या बौद्ध विहाराचे अवशेष आहेत. मधे चौक, भोवती भिक्खूंच्या, म्हणजे भंतेजींच्या, लहान खोल्या, गुडघ्याएवढ्या भिंती. उरलेल्या भिंती गावात आहेत. कित्येक पिढ्या लोक तिथून हातभर लांबीच्या विटा उचलून आणत आणि गोठ्याला, ओट्याला लावत. पुढे उत्खनन झालं. पत्रूभाऊ त्यात मजूर होते, नंतर तिथेच राखणदार झाले. तेव्हापासून जुनी वीट दिसली की त्यांचा एकच प्रश्न: "भंतेजीले इचारून नेली होती का?"

मग ते वीट काढतात, त्या जागी स्वतःच्या हातानं नवी बसवतात, "उपकार झाले" म्हणतात आणि जुनी वीट सायकलवरून पायथ्याशी नेतात. पुढे डोक्यावर. पुरातत्त्व खात्याचे एक साहेब तो ढीग पाहून म्हणाले, "कोणती वीट कोणत्या भिंतीतली, आता कळणार नाही. परत लावता येणार नाहीत या."

"नका लावू साहेब. घरी तं आल्या."

गावातल्या बायजाकाकींच्या न्हाणीतही अशी एक वीट होती; त्यांनी मात्र पत्रूभाऊंना अडवलं. "माह्या न्हाणीले हात नको लावू पत्रू. तुह्या चुलीच्या तीन विटा कोनत्या भंतेजीले इचारून आनल्या होत्या?"

पत्रूभाऊंनी सायकल वळवली आणि ते निघून गेले.

ती चूल त्यांच्या बायकोनं, गिरजाबाईंनी, मांडलेली. उत्खननाच्या दिवसांत मी बातमीसाठी वर जायचो आणि उतरताना त्यांच्याकडे जेवायचो. भात आणि लाखोरीची डाळ. ताट रिकामं दिसलं की त्या चुलीच्या तोंडाशी बसल्या बसल्या न विचारता वाढत. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या. घरात गॅस आहे, पण पत्रूभाऊंनी चूल मोडली नव्हती. रोज सकाळी सारवायचे. पेटवत नसत.

काकींच्या त्या बोलण्यानंतर पंधरा दिवस त्यांनी कोणाच्या पायरीकडे पाहिलं नाही. गावाला ते सोसेना. दोघातिघांनी तर ओट्यावरची पोती मुद्दाम बाजूला सारून विटा उघड्या ठेवल्या. ते मान खाली घालून पुढे निघून जात.

सोळाव्या दिवशी मी वर गेलो. अवशेषांच्या कुंपणाबाहेर, त्यांच्या राखणीच्या झोपडीजवळ, तीन जुन्या विटांची चूल मांडलेली होती. विटांची आतली बाजू काळीभोर. वर चहा उकळत होता.

"देल्या ना वापस," मी विचारण्याआधीच पत्रूभाऊ म्हणाले. "जागेवरच हायेत. काकीले सांगजा."

सांगायची गरज नव्हती. बायजाकाकी तिथेच बसल्या होत्या, न्हाणीतली वीट शेजारी ठेवून. त्यांनी एक घोट घेतला. "साखर कमी हाय रे. वीट नेऊ का वापस?"

"आता तं भंतेजीलेच इचारा, काकी."

चुलीच्या तोंडाशी जागा रिकामी होती. पत्रूभाऊ बाजूला बसून, वाकून, तिरक्या हातानं लाकूड आत सरकवत होते. मी त्या रिकाम्या जागेकडे वळलो.

"तिथी नको, पेपरवाले भाऊ," ते घाईनं म्हणाले. "तिथी धूर येते."

मी समोर जाऊन बसलो. वारा माझ्या दिशेनं होता. सगळा धूर माझ्याच तोंडावर येत होता.

मी जागा बदलली नाही. डोळे पुसले, चहा संपवला आणि "उपकार झाले" म्हणालो.