एलिझाबाई, पाद्री आणि बबनकाका

दर वर्षी पितृमोक्ष अमावस्येला माझा नवरा पाद्री होतो. मी एलिझाबाई होते. कोपऱ्यावरचे इस्त्रीवाले रामभाऊ कुठल्याशा थंड देशातल्या मठातले साधू होतात, आणि समोरचे होमिओपॅथीचे डॉक्टर हे डॉक्टरच राहतात, फक्त मेलेले. आम्ही सगळे नंदनवन कॉलनीत आमच्या शेजारच्या बबनकाका डेकाट्यांच्या हॉलमध्ये पाटांवर ओळीनं बसतो. काका आमचे पाय धुतात, कपाळाला गंध लावतात आणि हात जोडून म्हणतात, "जेवा बाप्पा. लांबून आले तुम्ही."

आमच्याकडे पितरांच्या पंधरवड्यात गेलेल्या माणसाच्या जागी एखादं ओळखीचं माणूस बसवून जेवू घालतात. पाटावर असेपर्यंत तो माणूस म्हणजे ते पितर. सगळे लोक हे आपल्या आई-बापासाठी, आजा-आजीसाठी करतात. बबनकाका ते एका पुस्तकाच्या जुन्या मालकांसाठी करतात.

काका सरकारी मोजणी खात्यात होते. सारी नोकरी दुसऱ्यांच्या जमिनी मोजण्यात आणि कोणती जमीन कोणाकडून कोणाकडे गेली ते पाहण्यात गेली. माणूस रिटायर झाला, पण मोजणी काही सुटली नाही. त्यांना कोणीही पत्ता विचारला की ते चतुःसीमा सांगतात. एकदा माझ्या माहेरची माणसं आमचं घर शोधत आली, तर त्यांना सांगितलं, "पूर्वेले नाली, पश्चिमेले मी, उत्तरेले डॉक्टर, दक्षिणेले रस्ता. मधात सुषमा." तब्येत कशी आहे विचारलं की म्हणतात, "कब्जा हाय अजून." भाजीवालीनं हातगाडी त्यांच्या फाटकासमोर वीतभर सरकवली तरी हे टेप घेऊन बाहेर येतात, मोजतात, आणि मग तिच्याकडूनच वांगी घेतात. लग्न केलं नाही. काहून नाही केलं, असं विचारलं की म्हणत, "हद्द कायम झाली नाही." आम्ही हसायचो आणि विषय तिथंच संपायचा.

पुस्तकाची गोष्ट अशी. काकांना एक सागवानी कपाट घ्यायचं होतं. विजयचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, लकडगंजला प्लायवूडचं दुकान आहे. तो त्यांना ओळखीच्या एका व्यापाऱ्याकडे घेऊन गेला. पाडलेल्या बंगल्यांमधलं जुनं फर्निचर त्याच्याकडे येतं. कपाट छान होतं, पण एक पाय आखूड. त्या पायाखाली कोणीतरी एक जाडजूड पुस्तक सारलेलं. व्यापारी म्हणाला, पुस्तक फेकतो आणि ठोकळा लावून देतो. काकांनी पुस्तक ओढून काढलं, धोतराच्या सोग्यानं पुसलं, उघडलं. कव्हरच्या आतल्या बाजूला एकाखाली एक नावं लिहिलेली. मोजणी खात्यातल्या माणसाला एकाखाली एक नावं दिसली की झालं. "हे तं समदे कब्जेदार हायेत गा," असं म्हणून काका तिथंच उकिडवे बसले. संध्याकाळी ते पुस्तक घेऊन घरी आले. कपाट आजतागायत आलेलं नाही. काकांचे कपडे खुंटीवर असतात आणि पुस्तक पत्र्याच्या मोठ्या डब्यात, कडुनिंबाच्या पाल्यात.

विजयच्या दुकानात बाकांसाठी प्लाय घ्यायला एक तरुण फादर यायचे. त्यांना थोडं लॅटिन येत होतं. विजयनं त्यांना एका रविवारी काकांकडे आणलं. फादरनी पुस्तक हातात घेतलं आणि चहा घ्यायचा विसरले. पुस्तक लॅटिन, चारेकशे वर्षांपूर्वी युरोपात छापलेलं असावं, म्हणाले. धर्मशास्त्राचं आहे, फार दुर्मीळ असणार, पण सुरुवातीची पानं वाळवीनं खाल्ल्यामुळे नाव काही सांगता येत नाही. काकांना या कशातच रस नव्हता.

"इषय कोणता हाय?" त्यांनी विचारलं.

"मेल्यानंतर आत्म्याचं काय होतं त्याचा. मागे राहिलेल्या माणसांनी केलेलं काही त्याला पोचतं की नाही, असा वाद आहे सगळा."

"मंग पोचते का नाही पोचत?"

फादरनी बरीच पानं उलटली, एका ओळीवरून बोट फिरवलं. "पोचतं, असं लेखकाचं म्हणणं आहे."

"पायलं!" काका आमच्याकडे वळून म्हणाले. आम्ही कोणी नाही म्हटलं नव्हतं.

मग फादरनी नावं वाचली. पहिलं मठातल्या एका साधूचं. दुसरं एका डॉक्टरचं. तिसरं कामठीच्या छावणीत आलेल्या एका पाद्र्याचं. त्याखाली बारीक, सुरेख अक्षरात 'एलिझा, हिचं पुस्तक'. शेवटी सीताबर्डीच्या कोणा वकिलाची मोडीतली सही, ती मात्र काकांनीच वाचली. "याइच्या मांगं कोणी हाय का?" काकांनी विचारलं. आता ते कसं कळणार, असं फादर म्हणाले. काकांनी ती नावं बोटानं एकेक करून मोजली. "म्हंजे याइले जेवाले कोणीच घालून नाही राहिलं," ते म्हणाले. त्या वर्षीपासून अमावस्येच्या पंगती सुरू झाल्या.

पहिल्या वर्षी श्राद्ध सांगायला महाराजांना बोलावलं होतं. त्यांनी गोत्र विचारलं. गोत्र ठाऊक नसलं की काश्यप म्हणतात, म्हणून साधू, डॉक्टर, पाद्री, एलिझा असे झाडून सगळे काश्यप गोत्राचे झाले. पाद्र्याच्या खालीच नाव म्हणून काकांनी एलिझाबाई त्याची बायको धरली होती. विजयला कुठे गप्प बसवतं? तो म्हणाला, "काका, एका गोत्रात पाद्र्याचं अन् एलिझाबाईचं लग्न कसं लावलं हो?" काका त्या दिवशी नीट जेवले नाहीत. दिवेलागणीला आमच्या दारात येऊन उभे राहिले. "बहीण-भाऊ असतीन ते," म्हणाले, आणि हलक्या पावलांनी परत गेले.

वकिलाच्या जागी बसायला कोणी वकील मिळाला नाही, म्हणून त्याचं पान गाईला जातं. माझ्या वाट्याची कढी काका वेगळी काढतात, बिनमिरचीची. "मडमेले तिखट सोसत नाही वं," म्हणतात. मी सावजीचा रस्सा खाऊन वाढलेली बाई. पण दर वर्षी ती गुळमट कढी मुकाट्यानं पिते, कारण समोर उभं राहून ते ज्या काळजीनं पाहत असतात ना, तसं माझ्या जेवणाकडे माझ्या आईशिवाय कोणी पाहिलेलं नाही.

या वर्षी पावसाळ्यात काकांना धाप लागायला लागली. हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी हृदयाची झडप बदलायला सांगितली, दसऱ्यानंतर ऑपरेशन ठरलं. काकांना झडपेची चिंता नव्हतीच. "झडप बसन का नाही बसन, ते डॉक्टर पायन. पण माह्यामांगं याइले कोण जेवाले घालन?" हे एकच त्यांच्या डोक्यात. मग पुस्तकासाठी माणूस शोधायची मोहीम निघाली.

मुंबईहून जुन्या पुस्तकांचे एक शौकीन गाडी करून आले. म्हणाल ती किंमत देतो, म्हणाले. पुस्तक काचेच्या कपाटात ठेवू, हवा थंड ठेवू, कोणी हात लावणार नाही. काकांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"अमावस्येले काय करसान?"

"कोणत्या अमावस्येला?" त्या गृहस्थांनी विचारलं. काकांनी त्यांना पोहे खाऊ घातले आणि वाटेला लावलं.

फादरवर काकांची जास्त आशा होती. फादर मनापासून म्हणाले, "आमच्याकडे मृतांसाठी दर वर्षी एक दिवस असतो, काका. आम्ही प्रार्थना करतो, मेणबत्त्या लावतो. यांचीही नावं घेऊ."

"अन् जेवण?"

"जेवण नाही."

"मेणबत्तीनं पोट भरते का, बाप्पा?" काका म्हणाले. फादर हसले, पण मला वाटतं त्यांना ते पटलंही असावं.

शेवटी विजयच म्हणाला, "मी ठेवतो न काका. त्यात काय एवढं?"

काकांनी मान हलवली. "नको गा. तुले तुह्ये पितर हायेत. बक्षीसपत्र करून पाच परके लोकं कोणाच्या डोक्यावर कायले ठेवू?"  विजयला लागलं, हे मला घरी आल्यावर त्यानं ज्या जोरानं पंखा लावला त्यावरून कळलं.

माझे सासरे गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांची तिथी अष्टमीची. दर वर्षी त्यांच्या जागी महाल भागातले आमच्या ओळखीचे नानाजी येऊन बसत. या वर्षी नानाजींच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला. कोणाला बोलवायचं, म्हणून मी नावं घेत होते. विजय ताडकन उठला आणि शेजारी गेला. मीही मागोमाग गेले, कारण हा माणूस घाईत काय बोलेल याचा नेम नाही.

काका अंगणात तुळशीजवळ बसले होते. "काका, उद्या बाबाची तिथी हाय. तुम्ही बसा," विजय म्हणाला.

काका हसले. "दुसरा कोणी पाय गा, मी नाही."

"काहून?"

"बापाच्या जागी बसाचं म्हंजे बापासारखा माणूस पायजे." काका मातीत बोटानं रेघा ओढायला लागले. "मले तं माह्या बापाचं नावबी मालूम नाही, विजय. आईचं नाही. अनाथालयात वाढलो मी. डेकाटे आडनाव तिथल्या सैपाक्याचं. त्यानं लावू देलं म्हून लावलं. पितरपाटात साऱ्या गल्लीत कढी-वड्याचा वास सुटे, अन् मी दार लावून बसो. कोणाले घालू जेवाले? खात्यात लोकाइचे आजे-पणजे कागदावर पाहून राहिलो जनमभर, माही नोंद माह्यापासूनच सुरू. मंग हे पुस्तक सापडलं. म्हणलं, याइले कोणी नाही, मले कोणी नाही. जमलं."

 इतकी वर्षं आम्ही गंध लावून त्या पाटांवर बसलो, हसलो, आणि या माणसाचे स्वतःचे पितर कुठे आहेत, हे आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नव्हतं. विजय खाली उकिडवा बसला. त्याला काही समजुतीचं बोलता येत नाही, कधीच आलं नाही.

"उद्या बारा वाजता या," तो म्हणाला. "आंघोळ करून या."

काका आले. इस्त्री केलेलं धोतर, वर पांढरा सदरा. विजयनं त्यांना पाटावर बसवलं, परातीत त्यांचे पाय ठेवले, धुतले, स्वतःच्या टॉवेलनं पुसले. गंध लावताना काकांनी डोळे मिटून घेतले. मी वाढलं. कढी, वडे, कोहळ्याची भाजी, खीर. सगळं तिखटमिठाचं, कोणाचंही वेगळं न काढता. रोज बोलून बोलून जीव खाणारा माणूस, पण खाली मान घालून एकेक घास खात होता. जेवण झालं. विजय हात धुवायला पाणी घेऊन आला.

काका उठेनात.

"काका, काही लागते का?" मी विचारलं.

"नाही वं." त्यांनी उष्टा हात पानावरच ठेवला. "हात धुतला, पाटावरून उठलो, का मी पुन्हा शेजारी. म्हून बसल्या बसल्याच सांगून टाकतो." त्यांनी विजयकडे पाहिलं. "पुस्तक तुले. शेजाऱ्यानं देलं तं ते बक्षीस असते. बापाचं पोराले वारसानं जाते, त्याले नाही म्हणता येत नाही."

विजयच्या हातात पाण्याचा तांब्या तसाच होता. तो मान डोलावून म्हणाला, "हव."

"अमावस्येचा सैपाक आता तुह्या घरी."

"हव."

"अन् एलिझाबाईले तिखट नको घालू."

"नाही घालत."

सगळं सांगून झालं होतं. तरी काका बसून होते. एकदा पाण्याकडे पाहायचे, एकदा विजयकडे. मग लहान आवाजात म्हणाले, "जराक अजून बसू का गा?"

विजयनं तांब्या खाली ठेवला आणि त्यांच्याजवळ जमिनीवर मांडी घातली. "बसा न बाबा," तो म्हणाला. "घाई कोणाले हाय?"

मी कढी गरम करायला आत गेले. परत आले तेव्हाही ते दोघं तसेच बसले होते, आणि मी काकांच्या रिकाम्या पानावर आणखी एक वडा वाढला.