कोल्ह्याचा जंत

केसरीनाथ शेठनी करवंदांचा दुसरा द्रोण संपवून बोटं चाटली, तेवढ्यात मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेली नात किंचाळली, "आजोबा, धुतली होती का?"

"करवंदा कोन धुतं गं मनाली? चव जाते!"

मनालीने वाचूनच दाखवलं. कोल्ह्याच्या पोटात एक जंत असतो. त्याची अंडी विष्ठेतून रानातल्या फळांवर, फळांवरून माणसाच्या पोटात, आणि तिथून थेट लिव्हरमध्ये! "आणि दहा-दहा वर्षं माणसाला काहीच होत नाही!"

शेठचा हात पोटावर गेला. चाळीस वर्षं ते करवंदं खात होते आणि त्यांना काही म्हणजे काहीच होत नव्हतं. लक्षण तंतोतंत जुळत होतं!

करवंदं विकून सखी अजून ओट्यावर पाणी पीत बसली होती. शेठनी घाबरत विचारलं, "सखे, तुमच्या डोंगरान कोल्हा हाय का?"

"हाय ना शेठ. करवंद पिकला का आमच्या आधी तोच खातो."

"आनि मंग... बसतो पन तिथंच?"

"मंग काय घरी जाऊन बसंल?"

झालं! शेठनी अंथरूण धरलं. "रविवारी पुतन्या भाविकची हळद, आनि त्याचा काका चालला! पोराची हळद सुतकात जानार!"

बायकोने, पुतळाबाईने, त्यांना गाडीत कोंबलं आणि भिवंडीला सोनोग्राफीला नेलं. वाटेत वडप्याचा फाटा लागल्यापासून तिच्या डोळ्यांचं पाणी खळत नव्हतं. "एकवीरा आईची शपथ घेऊन दोन वर्सं झाली, थेंबाला शिवला न्हाय माझा मानूस! त्याच्याच लिव्हरवर का गं आई?"

शेठ खिडकीबाहेर बघू लागले. शपथ घेतल्यापासून ते रोज संध्याकाळी आपल्या गोदामावर फेरी मारायला जात. एवढ्याशा फेरीला दोन तास का लागतात, हे फक्त तिथल्या वॉचमनला, दाजीला ठाऊक होतं.

डॉक्टरांनी पोटावर मशीन फिरवलं. "जंतबिंत काही नाही. तो रोग बहुतेक थंड देशांतला."

"आई पावली!" पुतळाबाईने हात जोडले.

मशीन मात्र फिरतच राहिलं. "पण लिव्हर चांगलंच सुजलंय. शेठ, खरं सांगा, रोज किती घेता?"

पुतळाबाईचे जोडलेले हात सुटले आणि कमरेवर गेले. ती शेठकडे वळली. शेठनी पडल्या पडल्या डॉक्टरांची बाही घट्ट धरली.

"डॉक्टर, पाया पडतो, परत एकदा नीट बघा! जंतच असंल! कोल्ह्याचाच हाय तो!"