उतारावरचे दिगंबरमामा

आमचे शेजारी दिगंबरमामा लग्नाच्या मांडवातसुद्धा वाहतूक सांभाळतात. जेवणाच्या दारात हात आडवा धरून उभे राहतात आणि "आधी जेवलेले बाहेर, मग भुकेले आत" असा हुकूम सोडतात. नायगावात एकदा त्यांनी खुद्द नवरदेवाला थोपवलं होतं.

मामा एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. नांदेडहून येणारा चौपदरी रस्ता गावाला लागून गेला आणि त्यांना नवी नोकरी मिळाली, बिनपगारी. रोज सकाळी लाल फडकं बांधलेली काठी घेऊन ते उतारावर उभे. उतार म्हणजे मोठा रस्ता सोडून गावाकडे वळायची जागा. "एक ट्रॅक्टर रेंगाळत मोठ्या रस्त्यावर चढला की मागं लांबपस्तोर समद्यांचे ब्रेक लागतेत," मामा समजावतात. "चढताना पळायचं, उतरताना आधी कडेला यायचं. लई सोपं हाय."

उतार चुकला तर पुढच्या पुलाखालून वळून सात किलोमीटरचा फेरा पडतो. आमचे लोक फेरा कशाला घेतील? ते सरळ उलट्या बाजूने मागे येतात. त्यांना मामा जे ऐकवतात ते इथे लिहिता येत नाही.

मीही एकदा मोटारसायकलवर तसाच सापडलो. चिडून म्हणालो, "मामा, दहा मिनिटं वाचली तर तुमचं काय जातं?"

मामा शिव्या द्यायचे थांबले.

"तुमच्या मामीला नांदेडच्या दवाखान्यातून आणून राहिलो होतो. डॉक्टरनं हात टेकले होते. तिला फकस्त घर बघायचं होतं. अँब्युलन्सवाला नवा, त्याचा उतार हुकला. म्हणला, उलटं घेऊ का? मीच म्हणलो, न्हाई. जिंदगीत कधी उलटा गेलो न्हाई. पुलाखालून वळलो, तवर ती गेली."

मला माझीच लाज वाटली. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "त्या दिवशी उलटं जायला हवं होतं, मामा."

"अन् समोरून कुणी मोटारसायकलवाला आला असता तर? मी बरोबरच होतो." काठीवरचं फडकं त्यांनी उगाच घट्ट केलं. "पर तिला काय सांगू?"

आता माझ्या लक्षात येतं. लांबून अँब्युलन्स दिसली की मामा पुढे धावतात आणि काठी हलवून उतार दाखवतात. बहुतेक गाड्या सरळ देगलूरकडे निघून जातात. मामा तरी हलवतच राहतात.

परवा एक खरोखर वळली. मामा कडेला सरकले आणि बंद काचेकडे बघून हळूच म्हणाले, "आलं बरं का घर."