एकशे नऊ टाके

"आई, त्यांना सांगा, दूध वर येतंय," धाकटी भाजी चिरता चिरता म्हणाली.

'त्या' म्हणजे थोरली जाऊ. ती शेगडीपासून दोन पावलांवर पाठ करून उभी होती. निरोप मात्र जेवणाच्या टेबलाशी पेपर वाचत बसलेल्या सासूबाईंकडे आला. सासूबाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि तो पुढे पाठवला. "अगं, दूध वर येतंय म्हणते ही."

"दिसतंय म्हणावं. मला डोळे आहेत."

"तिला डोळे आहेत म्हणते," सासूबाईंनी उलट टपाल पोचवले. एवढ्या वेळात दूध वर आले, शेगडी विझवून खाली उतरले आणि ओट्यावरून फरशीवर गेले.

या घरात पाच महिने हे असे चालले होते. कारण म्हणाल तर एक लाल मोजा. तो कपड्यांच्या मशीनमध्ये पांढऱ्या शर्टांबरोबर फिरला आणि नऊ शर्ट गुलाबी करून बाहेर आला. मोजा आत कुणी टाकला, हे आजतागायत ठरलेले नाही. दोघी जावा एकमेकींकडे बोट दाखवून गप्प झाल्या त्या झाल्याच, आणि दोघे मुलगे 'बायकांच्या भांडणात आम्ही पडत नाही' असे म्हणत गुलाबी शर्ट घालून कामाला जाऊ लागले.

सासूबाईंनी टेलिफोन एक्सचेंजमध्ये चौतीस वर्षे नोकरी केली होती. गल्लीत त्यांना अजून सगळे ऑपरेटरबाई म्हणत. निरोप्याचे काम त्यांना नवे नव्हते. पण तिकडे निदान दोन्ही टोकांच्या माणसांना बोलायची इच्छा तरी असे. त्यातून एके दिवशी धाकटा मुलगा गॅलरीत कुणा एजंटशी हळू आवाजात बोलताना त्यांच्या कानी पडला. "दोन खोल्या पुरे आहेत हो. महिनाअखेरीस रिकामी होतेय ना? मग शेवटच्या शनिवारी येतो बघायला." ऑपरेटरबाईंनी मनात आकडेमोड केली. पाच माणसांचे घर तीन माणसांचे होणार, आणि तेही एका मोज्यापायी!

रात्रभर विचार करून सकाळी त्यांनी फर्मान काढले. "मला डोळे दाखवायला जायचंय. त्या दवाखान्यात एसी फार असतो. मला एक शाल हवी. विकतची नको. एक पट्टा हिचा, एक पट्टा तिचा."

दोघी सुनांच्या हातांत कला होती, आणि ती साधीसुधी नव्हे. थोरलीचा हात क्रोशावर. तिची सुई वीतभर लांबीची. सुईवर एका वेळी एकच टाका, साखळी घेतली की खांब, खांब झाला की पुन्हा साखळी. बोलता बोलता तिच्या बोटांतून शिंपल्यांची नक्षी अशी उतरायची की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावे. धाकटीचे शास्त्र वेगळे. ते ट्युनिशियन क्रोशे. तिची सुई हातभर लांब, एका टोकाला आकडा आणि दुसऱ्या टोकाला टाके घसरू नयेत म्हणून बोंड. जाताना ओळीतले सगळे टाके सुईवर गोळा करायचे आणि येताना एकेक करून उतरवायचे. त्यातून जे कापड निघे ते मागावर विणल्यासारखे दाट आणि उबदार. थोरलीचे काम पाहिले की ऑपरेटरबाईंना वाटे, याहून सुंदर काही नाही. आणि धाकटीचे पाहिले की आधीचे मत बदलावे लागे.

राखाडी-निळी लोकर आणली, सगळे गुंडे एकाच लॉटचे. लोकरीची टोपली बैठकीच्या खोलीत ठेवली. टोपली एकच, तेव्हा दोघींना तिथेच बसणे भाग होते. पहिले चार दिवस निरोप ऑपरेटरबाईंमार्फत गेले.

"आई, तिला सांगा, माझ्या शिंपल्यांना टाके सहाच्या पटीत हवेत, वर एक."

"आई, त्यांना विचारा, मग किती धरू?"

पाचव्या दिवशी ऑपरेटरबाई मुद्दाम अंघोळीला गेल्या आणि तासभर बाहेरच आल्या नाहीत. निरोप अडकला. दाराला कान लावून त्या उभ्या होत्या. मग थोरलीचा कोरडा आवाज आला, "एकशे नऊ."

"एकशे नऊ," धाकटी म्हणाली.

पाच महिन्यांतले पहिले बोलणे! ऑपरेटरबाईंना तिथेच बादलीवर बसून घ्यावेसे वाटले.

पुढे गाडी जराशी सरकली. धाकटीचा पट्टा विणून झाला की कडेने वर गुंडाळून यायचा. त्या विणीचा स्वभावच तसा. धाकटी ओढून ओढून बेजार व्हायची. थोरली म्हणाली, "राहू दे. माझी ओळ लागली की बसेल." आणि खरेच बसला. उलट थोरलीची जाळी नुसती सोडली की लोंबायची, ती धाकटीच्या दाट पट्ट्याने ताठ धरली. दोन्ही मिळून असे काही देखणे कापड तयार होऊ लागले की दारात आलेला गॅसवालासुद्धा सिलिंडर खांद्यावर घेऊन दोन मिनिटे बघत राहिला.

पण बोलणे चालायचे ते लोकरीपुरते. टोपली मिटली की तोंडे मिटली. आणि दोघींचे हात भलतेच वेगाने चालत होते. ऑपरेटरबाईंनी हिशेब केला. या वेगाने शाल महिनाअखेरीच्या आतच पुरी होणार. मग टोपली माळ्यावर आणि दूध पुन्हा फरशीवर. वेळ हवा होता. आणि वेळ काढायचा तर एकच मार्ग होता.

थोरली औषधांच्या दुकानात कामाला जाई, धाकटी दातांच्या डॉक्टरांकडे नावे लिहून घेण्याच्या टेबलावर. दुपारी दोन ते चार घरात ऑपरेटरबाई एकट्या. मंगळवारी दुपारी त्यांनी टोपली उघडली. थोरलीच्या पट्ट्यातून सुई काढली, धागा धरला आणि ओढला. सरसर सरसर दोन ओळी सुटल्या. शेवटच्या टाक्यात सुई परत अडकवली, लोकर गुंड्याला गुंडाळली. पाच मिनिटांत काम फत्ते!

संध्याकाळी थोरलीने ओळी मोजल्या. पुन्हा मोजल्या. "काल मी अकरा केल्या होत्या ना?"

"दमतेस गं फार," ऑपरेटरबाई मायेने म्हणाल्या.

बुधवारी थोरलीने पट्टा संपवला आणि त्यावर धाकटीने आपला सुरू केला. गुरुवारी धाकटीची पाळी. न्याय म्हणजे न्याय. एकीचे उसवायचे आणि दुसरीचे नाही, असला पक्षपात ऑपरेटरबाईंनी कधी केला नव्हता. धाकटीची एक सवय होती. ती नेहमी जाताना थांबे, येताना नाही. एकशे नऊ टाके सुईवर तसेच भरून ठेवी आणि मग उठे. ऑपरेटरबाईंनी ती हातभर सुई धरली आणि थोरलीची काढली होती तशीच खसकन ओढून काढली.

एकशे नऊ टाके आ वासून त्यांच्याकडे बघू लागले.

धीर धरून त्यांनी धागा ओढला. एक ओळ सुटली. आणखी ओढला. आता खालच्या ओळीचे एकशे नऊ टाके उघडे पडले. धाकटीने जिथे सोडले होते तिथेच आपण आलो, फक्त एक मजला खाली, हे त्यांच्या लक्षात आले. म्हणजे आता हे सगळे सुईवर परत चढवायला हवे होते. उसवायला सगळी लोकर सारखीच, अशी त्यांची जन्मभराची समजूत होती. ती घड्याळात पावणेतीन वाजता संपली.

त्यांनी धाग्याच्या बाजूने सुरुवात केली. टाका सुईवर घ्यावा तर शेजारचा आत दडी मारी. त्याला नखाने बाहेर काढावा तर पलीकडचा पळे. चष्म्यावर घाम आला. पण ज्या बाईने एका वेळी बावीस ट्रंक कॉल सांभाळले, ती एका शालीपुढे हार मानणार होती थोडीच? चार वाजून दोन मिनिटांनी शेवटचा टाका सुईवर चढला आणि चार वाजून तीन मिनिटांनी दाराची कडी वाजली.

धाकटी आली, हातपाय धुतले, टोपलीपाशी बसली आणि तशीच थिजली.

"आई, माझी सुई उलटी कशी?"

"उलटी म्हणजे?"

"धागा डावीकडे आहे आणि सुईचं तोंड उजवीकडे. आता मी विणू कशाने, बोंडाने?" तिने टाके मोजले. "आणि एकशे चार. पाच टाके गेले कुठं?"

तेवढ्यात थोरली दारात आली. धाकटीने मान वर केली. मध्ये सासूबाई आहेत हेही ती विसरली. "वहिनी, माझ्या कामाला हात लावायचं काही कारण?"

"मी?" थोरलीने पर्स आपटली. "माझ्या परवाच्या दोन ओळी कुणी गायब केल्या, ते आधी सांग. मला वाटलं, माझंच डोकं फिरलं!"

"मी कशाला उसवीन?"

"मग मी तरी कशाला?"

इतके सरळ, इतके भरभरून त्या दोघी पाच महिन्यांत बोलल्या नव्हत्या. क्षणभर ऑपरेटरबाईंना बरेही वाटले. पण मग थोरलीने टोपलीतली कात्री उचलली. "बास! मी धागा इथंच तोडते. पुढची शाल तिची तिनं करावी."

"मला तरी कुठं वेळ आहे?" धाकटीचा आवाज चिरकला. "परवा शनिवार. आम्ही घर बघायला चाललोय."

झाले! करायला गेले एक आणि झाले भलतेच. खरे सांगावे तर इतक्या वर्षांचा मान जातो. न सांगावे तर घर जाते. खोटे बोलावे पण रेटून बोलावे, असे ठरवून ऑपरेटरबाई म्हणाल्या, "अगं, शेजारचं मांजर आलं होतं दुपारी. खिडकीतून. टोपलीत चांगलंच लोळलं मेलं!"

धाकटीने शाल उचलून उजेडाकडे धरली.

"मांजरानं टाके काढले असतील, आई. त्यानं एकशे चार परत सुईवर घातले?"

कात्री धरलेल्या थोरलीचा हात थांबला. तिच्या तोंडाचा कोपरा हलला. ती पुढे आली आणि जावेच्या खांद्यावरून वाकून बघू लागली. "आणि तेसुद्धा चुकीच्या बाजूनं."

"माझ्या वेळी मात्र सुई बरोब्बर अडकवली होती?" थोरलीनेच पुढे विचारले.

"तुमचा एकच टाका ना, वहिनी. मांजराला जमला असेल."

मग दोघींनी एकदमच मान वळवून ऑपरेटरबाईंकडे पाहिले. चोराच्या मनात चांदणे म्हणतात; इथे तर लख्ख ऊन पडले होते.

"तुम्ही फार भराभरा विणत होतात," ऑपरेटरबाई पुटपुटल्या. चष्मा काढून त्यांनी पदराने पुसला. "शाल संपली असती. मग तुम्ही परत… शाल कुणाला हवी होती गं? मला तुम्ही दोघी एका खोलीत हव्या होतात."

थोरली धाकटीला म्हणाली, "जरा आत ये," आणि दोघींनी स्वयंपाकघराचे दार लावून घेतले. आतून आधी कुजबुज, मग खुसखुस, आणि शेवटी भांडे पडल्यासारखा मोठा हशा ऐकू आला. ऑपरेटरबाई बाहेर निकालाची वाट बघत बसल्या.

निकाल धाकटीने वाचला. "उसवलंत ते तुम्ही विणायचं. जाण्यायेण्याची ओळ मी शिकवणार."

"आणि शिंपले मी," थोरली म्हणाली. "सूट मिळणार नाही."

पुढचे दोन दिवस ऑपरेटरबाईंनी जे सोसले ते त्यांनाच ठाऊक. एका कानाशी एक सून, दुसऱ्या कानाशी दुसरी. "आई, धागा बोटावर." "आई, इतका घट्ट नाही." "वहिनी, बघा हो यांचं!" "अगं, मी तेच म्हणते!" चाळीस टाके सुईवर आले की बेचाळिसावा हातात आणि एक्केचाळिसावा बेपत्ता. सुनांच्या बोटांना काय काय येते, हे इतकी वर्षे समोर बसून त्यांना दिसले होते. कळले ते आता. त्यांनी मनोमन दोघींना हात जोडले.

शनिवारी धाकटी नवऱ्याबरोबर घर बघायला निघाली आणि थोरलीही पायांत चपला घालून तयार. "मला खिडक्यांतलं कळतं," एवढेच ती म्हणाली. ऑपरेटरबाई सुई घेऊन खिडकीशी बसल्या. दुपार सरता सरत नव्हती.

दोघी हसत परत आल्या. "घर छान आहे, आई," थोरली म्हणाली. "उजेड आहे, पाणी आहे. आम्ही दोघींनी पसंत केलं."

"दोघींनी?"

"चौघांना आरामात पुरेल," धाकटी म्हणाली. "तुम्ही इथं निवांत. उसवत बसा."

ऑपरेटरबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आले. ते बघून धाकटीला आवरेना. ती जमिनीवर बसकण मारून त्यांच्या गुडघ्यांना मिठी घालत म्हणाली, "अहो आई, थट्टा! नाही सांगून आलो एजंटला. वहिनी रोज तिथंच येऊन बसणार असतील, तर वेगळं राहून उपयोग काय?"

"मेल्यांनो!" ऑपरेटरबाईंनी डोळे पुसत दोघींच्या पाठीत एकेक धपाटा घातला. मग मोठ्या ऐटीत त्यांनी मांडीवरची शाल पुढे केली. दोन दिवसांच्या घामाची ओळ सुईवर बसली होती, तोंड योग्य बाजूला. "बघा! एकटीनं केली."

दोघी शेजारी शेजारी वाकल्या. धाकटीने मोजले. थोरलीने मोजले. दोघींनी एकमेकींकडे पाहिले.

"एकशे सहा," थोरली हळूच म्हणाली. "उसवावी लागेल, आई."

ऑपरेटरबाईंनी सुई काढली, धागा धरला. हात पुढे जाईना. डोळे मिटून त्यांनी ओढला, आणि दोन दिवस सरसर करत मांडीवर येऊन पडले.

"अगं बाई," त्या कळवळून म्हणाल्या, "इतकं जिवाला लागतं का हे?"

"लागतं!" दोघी सुना एका सुरात म्हणाल्या.