दुसरं कडवं कामावर आहे

‘चावी कुठंय’ या गाण्याचं दुसरं कडवं बावीस वर्षांपूर्वी गाणं सोडून गेलं आणि सध्या ते मांडवे नगरपरिषदेच्या घंटागाडीवर नोकरीला आहे.

गाणं आमचं. आमचं म्हणजे ‘लोडशेडिंग’ या सांगलीच्या पॉप बँडचं. मी कीबोर्डवर होतो. गाणी सुकुमार मगदूम लिहायचा, चाली तोच लावायचा, गिटारही तोच वाजवायचा. आणि विकी घोरपडे गायचा, म्हणून पोस्टरवर फोटो विकीचा असायचा. बँडचं नावही सुकुमारचंच. ‘आता लोडशेडिंग होणार आहे’ असं निवेदकानं जाहीर केलं की निम्मं पब्लिक उठून घरी जायचं. नाव बदलू या, असं मी वर्षभर म्हणत होतो. जे उरतात ते खरे रसिक, असं सुकुमारचं मत होतं.

‘चावी कुठंय’ मात्र धो धो चाललं. गॅदरिंगला, गणपतीत, वरातीत. पोरीनं स्कूटरची चावी लपवली आहे आणि पोरगा ती मागतोय, एवढाच मामला. ध्रुवपदात ‘चावी’ हा शब्द सोळा वेळा येतो. पहिल्या कडव्यात पेट्रोल भरल्याची माहिती आहे.

दुसरं कडवं वेगळं होतं. ते सुकुमारनं थोरल्या बहिणीसाठी लिहिलं होतं. पद्माअक्का लग्नानंतर सहा वर्षांनी एक निळी बॅग घेऊन माहेरी परत आली होती. काय झालं ते तिनं सांगितलं नाही. बॅग उघडली नाही, कॉटखाली सारली आणि दुसऱ्या दिवसापासून शिवणाचे क्लास सुरू केले. सुकुमारला तिला काहीतरी म्हणायचं होतं. पण बहिणीला तोंडावर असं कोण म्हणतं? म्हणता आलं असतं तर त्यानं बँड कशाला काढला असता. म्हणून त्यानं चार ओळी लिहिल्या आणि चावीच्या गाण्यात घातल्या. कधीतरी अक्का ऐकेल, असा हिशेब.

अक्कानं त्या ऐकल्याच नाहीत. स्टुडिओतली वेळ संपली म्हणून कॅसेटवर दुसरं कडवं आलं नाही. कार्यक्रमांत विकीनं ते गाळलं. “पब्लिकला कडवं नको असतं,” तो म्हणाला. “पब्लिकला चावी पाहिजे.” मी काही बोललो नाही. कडवं गळालं की तिथं माझा सोलो लांबत होता. आज लाज वाटते, पण सोलो बरा व्हायचा.

तरीही कडवं आठ महिने प्रत्येक कार्यक्रमाला येत राहिलं. वेळेवर तयार होऊन विंगेत उभं राहायचं. पहिलं कडवं संपलं की एक पाऊल पुढं टाकायचं आणि ध्रुवपद पुन्हा सुरू झालं की मागं घ्यायचं. एके दिवशी सुकुमारनं वही उघडली तर चार ओळींची जागा कोरी होती. त्याला स्वतःलाही त्या आठवेनात. कडवं गेलं की सगळीकडूनच जातं.

सुकुमार पोलीस चौकीत गेला. हवालदारानं बेपत्ताचा अर्ज काढला.

“वय?”

“दोन वर्षं.”

“मुलगा का मुलगी?”

“कडवं आहे. ते कडवं.”

हवालदारानं लिंगाच्या रकान्यात ‘ते’ असं लिहिलं. वर्णनात ‘ओळी चार, यमक शेवटी’ असं लिहिलं. फोटो मागितला, तो नव्हता. तपास अजून चालू आहे, असं दर वर्षी कळवलं जातं. त्याबद्दल तक्रार नाही.

बँड पुढं मोडला, म्हणजे विकी एकटा गायला लागला आणि आम्ही एकटे पडलो. सुकुमारनं नंतर कीटकनाशकांच्या जाहिराती लिहिल्या, एका पतसंस्थेचं गीत लिहिलं. वर्षामागून वर्षं गेली. मग गेल्या मार्गशीर्षात मी एका लग्नासाठी मांडव्याला मुक्कामी होतो. सकाळी पावणेसातला दात घासताना खालून घंटागाडी गेली आणि तिच्या भोंग्यातून मला ते ऐकू आलं. ब्रश तोंडात ठेवूनच मी सुकुमारला फोन लावला.

त्याला कडवं नेमकं आत्ताच हवं होतं. ‘लोडशेडिंग’ला पंचवीस वर्षं झाली म्हणून रविवारी सांगलीत कार्यक्रम ठरला होता आणि अक्कानं आयुष्यात पहिल्यांदाच “मी येते” असं म्हटलं होतं. अक्का आता बासष्टची. कानाला यंत्र लागलंय. “आत्ता नाही ऐकलं तर कधी?” सुकुमार म्हणाला.

सुकुमार त्याच दिवशी मांडव्याला आला. कडवं कचरा डेपोच्या शेडमध्ये खुर्चीवर बसलं होतं. तब्येत सुधारली होती.

“परत चल,” सुकुमार म्हणाला. “एका दिवसापुरतं. अक्का येणार आहे.”

“त्यांची आठवण येते,” कडवं म्हणालं. “पण इथं माझ्यावर गाव अवलंबून आहे. मला दोन मिनिटं उशीर झाला तर लोक ऑफिसात फोन करतात. तुमच्याकडं आठ महिने विंगेत काढले, कुणी पाणी विचारलं नाही.”

सुकुमारनं मान खाली घातली. मीही घातली, सोलोचा विषय निघेल असं वाटलं होतं, निघाला नाही.

तरी आम्ही स्वच्छता निरीक्षक लाड मॅडमकडं रीतसर अर्ज दिला. मॅडमनी तो दोनदा वाचला.

“मुख्यालय सोडायला परवानगी लागते,” त्या म्हणाल्या. “ती मी देईनही. पण सोमवारी सकाळी ते पोचलं नाही तर गाडीवर वाजवायचं काय? नुसता हॉर्न दिला की लोक पातेलं घेऊन येतात, दूधवाला समजून.”

“बदली म्हणून पहिलं कडवं देतो,” सुकुमार म्हणाला.

मॅडमनी पहिलं कडवं तपासलं. “यात पेट्रोलचा उल्लेख आहे. आमची गाडी बॅटरीवर चालते.” अर्ज नामंजूर झाला. मॅडमनी चहा मात्र पाजला.

रविवारी कार्यक्रम झाला. विकीनं ‘चावी कुठंय’ सत्तावीस मिनिटं गायलं. लोकांनी मोबाइलचे दिवे लावले. सुकुमार स्टेजवरून तिसऱ्या रांगेतल्या अक्काकडं बघत होता. अक्का शेवटपर्यंत मांडीवर पर्स धरून बसली होती.

“छान झालं,” ती नंतर म्हणाली. “पण चावी सापडली का रे शेवटी?”

सुकुमारला रडू आलं. बावन्न वर्षांचा माणूस, हॉलच्या पार्किंगमध्ये रडला. अक्कानं कारण विचारलं नाही. त्या घरात कुणी कुणाला कारण विचारत नाही. मग डोळे पुसून तो म्हणाला, “अक्का, गाणं अर्धंच झालंय. उरलेलं मांडव्याला आहे. येतेस?”

“बॅग घेते,” अक्का म्हणाली.

गाडी माझी होती, म्हणून मीही गेलो. सोमवारी सकाळी साडेसहाला आम्ही मांडव्यात कुंभार गल्लीच्या तोंडाशी उभे होतो. बायका, म्हातारे, लुंगीतले गृहस्थ, सगळे आपापल्या बादल्या घेऊन दारात आले होते आणि रस्त्याच्या टोकाकडं बघत होते. आमच्या एकाही कार्यक्रमात पब्लिकनं असं वेळेआधी येऊन वाट पाहिली नव्हती. अक्काच्या हातात ती निळी बॅग होती. सुकुमारला वाटलं, कपडे असतील.

गाडी वळली. चाल सुकुमारचीच होती, थोडी संथ केलेली.

दार उघड, आलोय मी, सकाळ झाली बघ;
नको झालंय जे जे तुला, माझ्याकडं दे मग.
शिळं असो, फुटकं असो, लाजू नको काही;
एवढं कसं साठलं ते मी विचारणार नाही.

अख्खी गल्ली बादल्या हातात घेऊन ते पुटपुटत होती. एका म्हातारीनं तर शेवटच्या ओळीला छान हरकत घेतली. विकीला ती जमली नसती.

अक्कानं कानाचं यंत्र नीट बसवलं आणि कडवं दुसऱ्यांदा ऐकलं.

“हे तू लिहिलंस?” तिनं विचारलं.

“हो.”

“कधी?”

“तू आलीस तेव्हा.”

गाडी जवळ आली तशी अक्का पुढं झाली आणि तिनं बॅग वर धरली. गाडीवरचे बाळासो खाली वाकले.

“पावणं दिसताय. कुठलं म्हणायचं?”

“सांगली.”

“बाहेरगावचा कचरा घ्यायची ऑर्डर न्हाई, ताई.”

अक्का बॅग धरून तशीच उभी राहिली. भोंग्यातून कडवं परत पहिल्या ओळीपासून सुरू झालं. बाळासोंनी ते दुसऱ्या ओळीपर्यंत लक्ष देऊन ऐकलं.

“ह्यात गावाची अट न्हाई,” ते स्वतःशीच म्हणाले आणि त्यांनी हात पुढं केला. “ओला का सुका?”

अक्कानं क्षणभर विचार केला.

“आता सुकाच असेल,” ती म्हणाली.

बॅग सुक्याच्या कप्प्यात गेली. गाडी पुढच्या गल्लीत वळली, दारं लागली, आणि रस्त्यावर आम्ही तिघंच राहिलो. अक्का रिकाम्या हातांनी माझ्या गाडीपाशी जाऊन उभी राहिली. तिनं दरवाजा ओढून पाहिला, तो बंद होता.

“चावी कुठंय?” तिनं विचारलं.

माझ्या खिशातच होती.