हम हर्ट्झ, वय पन्नास

मुलुंड पूर्व येथील सौहार्द सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या चौथ्या मजल्यावर, भालेराव यांच्या घरात, एम्प्लिफायर सुरू केला की स्पीकरमधून 'घूंऽऽ' असा आवाज येत असे. आवाज मोठा नव्हता. पंखा जोरात चालू असला तर तो लक्षातही येत नसे. परंतु या आवाजाखाली अंबादास भालेराव यांची अब्रू दबली होती.

अंबादास हे टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले मितभाषी गृहस्थ. तरुणपणी ते एका जलशाच्या ताफ्यात होते आणि त्यांच्या म्हणण्यानुसार एका गाण्यातली एक ओळ त्यांनी एकट्याने म्हटली होती. पत्नी शकु यांना हा दावा लग्नापासून अमान्य होता.

"कोरसात असाल," त्या म्हणत. "चारचौघांत स्वतःचं नाव सांगताना घसा सुकतो तुमचा. म्हणे एकट्यानं गायलो!"

अखेर एका नातेवाइकाच्या माळ्यावर त्या जलशाची कॅसेट सापडली. तिच्यात एका जागी ढोलकी थांबते, पेटी थांबते आणि कुणीतरी हळू आवाजात काहीतरी म्हणते. नेमके कोण, ते त्या घूंमुळे कळत नव्हते.

मुलगा सम्यक भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेला. त्याने एकेक शक्यता पद्धतशीर बाद केली. सिग्नलची केबल विजेच्या वायरपासून दूर नेली, मग जाळीच्या वेष्टनाची नवी केबल आणली. टीव्ही बंद केला, राउटर बंद केला, फ्रिज बंद केला आणि आइस्क्रीमचे पाणी झाल्याबद्दल आईची बोलणी खाल्ली. आवाज पन्नास हर्ट्झचा होता, म्हणजे घरातल्या विजेचाच. या गुणगुणीला इंग्रजीत 'हम' म्हणतात. संगणकावर ती गाळून पाहिली, तर तिच्यासोबत वडिलांचा खर्जही गाळला गेला. शेवटी सम्यकने सगळे सामान कांदिवलीला मामेबहीण तेजलकडे नेले. तिथे एम्प्लिफायरचा हम मुका.

"यार, तुझं मशीन झकास आहे," तेजल म्हणाली. "तुमच्या बिल्डिंगची वाट लागलीय."

"मग तिकडेच जाऊन ऐकू," सम्यक घरी परतल्यावर अंबादास आशेने म्हणाले.

"परक्या घरात वाजलेला पुरावा मी धरणार नाही," शकु म्हणाल्या. "तेजल माझी भाची असली तरी तुमच्या बाजूची आहे."

बिल्डिंगची वाट कुठे लागली होती, हे मीटर रूमच्या जाळीतून स्पष्ट दिसत होते. जमिनीत जाणारी अर्थिंगची हिरवी तार कुणीतरी सोडवली होती आणि तिने 'सुरक्षा प्रथम' ही पाटी खिळ्याला बांधली होती. तार पुन्हा जागेवर लावणे हे दहा मिनिटांचे काम होते. मीटर रूमला कुलूप होते. किल्ली सेक्रेटरी जयवंत परब यांच्याकडे होती आणि ती मागायची तर संस्थेच्या ॲपवर तक्रार करावी लागे.

सम्यकने लिहिले : 'आमच्या घरी हम येतो. अर्थिंग जोडल्यास तो जाईल.'

ॲपमध्ये तक्रारींचे चारच प्रकार होते : पाणी, पार्किंग, पाळीव प्राणी आणि पाहुणे. परब यांनी वाक्य दोनदा वाचले. येतो आणि जाईल, या दोन्ही क्रियापदांवरून प्रकार उघड होता. त्यांनी 'पाहुणे' निवडून सम्यकला फोन लावला.

"काय रे, हा हम कोण? हिंदीवाला का?"

"काका, हम म्हणजे आवाज. पन्नास हर्ट्झचा."

"हर्ट्झ आडनाव? फॉरेनर दिसतो. आणि वय पन्नास. बरं."

"वय नाही हो काका, ती फ्रिक्वेन्सी..."

"फ्रिक्वेंटली येतो, ता कळला रे. ॲपमध्ये तसोच कॉलम आसा." परब घाईत असले की मालवणीवर जात.

त्या दिवसापासून गेटच्या नोंदींत 'हम हर्ट्झ, वय ५०, पाहुणे, ४०३' असे दिसू लागले. आत आल्याची वेळ होती, बाहेर गेल्याची नव्हती. मुक्काम लांबला तेव्हा ॲपने नियमानुसार पाहुण्याचा आपोआप भाडेकरू केला आणि भालेरावांना विचारणा आली की पोलीस पडताळणी न करता परदेशी इसम कसा ठेवला, फोटो जोडावा.

सम्यकने संतापून ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर दिसणाऱ्या आवाजाच्या लहरीचा फोटो पाठवला. उत्तर आले : 'चेहरा स्पष्ट नाही. तरी तूर्त ग्राह्य.'

सम्यक परब यांच्या दारात जाऊन उभा राहिला. "काका, नोंद काढून टाका ना. असा माणूसच नाहीये."

"नोंद काढता येत नाही रे. ॲपमधून माणूस मेला तरच जातो. दाखला आहे का?"

"तो जन्मालाच नाही आला!"

"म्हणजे जन्माचाही दाखला नाही," परब गंभीर झाले. "केस वाढतेय तुझी."

"मग निदान किल्ली द्या. तार जोडतो, तो आपसूक जाईल. आणि काका, अर्थिंग नसलं तर एखाद्याला शॉक बसेल हो."

"बसला की त्यानं तक्रार करावी. पण तार जोडून एखाद्याला घालवायचं म्हणजे त्याला घराबाहेर काढणं झालं. नोंदणीकृत भाडेकरू आहे. त्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय कसं काढणार? उद्या कोर्टात गेला तर?"

रविवारी सकाळी समितीचे चारही सदस्य भालेरावांच्या दिवाणखान्यात सुनावणीसाठी बसले. अध्यक्षा मृणालिनी नाडकर्णी मधल्या खुर्चीवर होत्या. शकुंनी चहा दिला. सम्यकने एम्प्लिफायर सुरू केला.

'घूंऽऽ,' हम म्हणाला.

"नाव?" परब यांनी विचारले.

'घूंऽऽ.'

"सहकार्य करतोय," नाडकर्णीबाई हळूच म्हणाल्या.

समितीने त्याचे म्हणणे पूर्ण ऐकून घेतले. मधे कुणी बोलले नाही. संस्थेच्या इतिहासात कुठल्याही सभासदाचे इतक्या शांतपणे ऐकून घेतले गेले नव्हते.

"मला तर सज्जन वाटतो," एक सदस्य म्हणाले. "गाडी नाही, कुत्रा नाही, पाण्याची तक्रार नाही."

"आणि एकच मुद्दा धरून बोलतो," नाडकर्णीबाई म्हणाल्या. "आपल्या वार्षिक सभेत कोण बोलतं असं?"

सम्यकने हात जोडले. "मॅडम, याच्याखाली काय दबतंय ते तरी ऐका." त्याने कॅसेट लावली. ढोलकी वाजली, पेटी वाजली, दोन्ही थांबल्या आणि घूंच्या तळाशी कुणीतरी काहीतरी पुटपुटले. अंबादास खुर्चीत पुढे सरकले. शकुंनी कपाळाला आठी घातली.

"हा दुसरा कोण?" परब यांनी मोबाइलमध्ये शोधले. "याची नोंदच नाही."

समितीने बाल्कनीत जाऊन विचारविनिमय केला आणि आत येऊन निर्णय दिला. श्री. हर्ट्झ हे नोंदणीकृत आणि शांत रहिवासी असून त्यांना काढण्याचे कारण आढळत नाही. याउलट, सदर गाणे विनानोंदणी असून त्यामुळे श्री. हर्ट्झ यांच्या बोलण्यात व्यत्यय येतो. सबब, गाणे बंद करावे.

"ऐकलंत?" शकु नवऱ्याकडे वळल्या. आवाजात चिडवणे होते, पण नेहमीएवढे नव्हते. "तुमचं गाणं समितीनं पण नाकारलं."

अंबादास उठले. सम्यकला वाटले, आतल्या खोलीत जातील. ते एम्प्लिफायरपाशी गेले आणि त्यांनी बटण बंद केले. मग वर हात करून हळू फिरणारा पंखाही बंद केला. त्यांनी समितीकडे पाहिले. घसा सुकला होता, तो त्यांनी दोनदा खाकरला. डोळे मिटले आणि ती ओळ म्हटली.

पहिल्या शब्दाला आवाज कापला. दुसऱ्यापासून लागला. खाली रिक्षावाल्याशी भांडणारे गिऱ्हाईकही तेवढा वेळ थांबल्यासारखे वाटले. ओळ संपली.

शकुंनी चहाचा ट्रे टीपॉयवर ठेवला.

"चौघंच आहेत ना हे?" त्यांनी समितीकडे बोट करून सम्यकला विचारले.

"हो आई. चार."

"मग चारचौघांत झालं." त्या नवऱ्याकडे वळल्या. "शेवट थोडा चढा लागला. परत म्हणा."

"परत नको," परब लगबगीने म्हणाले. "एकदा म्हटलं तर घरगुती. दुसऱ्यांदा म्हटलं की कार्यक्रम होतो, परवानगी लागते."

सुनावणीचा वृत्तान्त संध्याकाळी ॲपवर आला आणि सौहार्दमध्ये चार दिवस दुसरा विषय नव्हता. हम राहिला पाहिजे की गेला पाहिजे यावर दोन तट पडले. त्याला मतदानाचा हक्क आहे का, अशी विचारणा बी विंगने केली. काहीजण मुद्दाम ४०३ च्या दाराला कान लावून गेले.

अंबादास नेमके काय गायले, ती ओळ कुठली होती, हे मात्र कुणी विचारले नाही. समितीने नाही, ए विंगने नाही, बी विंगनेही नाही.

आणि तुम्हीही तर अगदी पहिल्या परिच्छेदापासून इथेच बसून आहात; तुम्ही तरी कुठे विचारलेत?